भिंतीला भोक पाडण्याआधी

प्रत्येक घरात एक न लिहिलेली यादी असते. देवघरावरची फळी, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी, एका बाजूने लोंबणारा पडद्याचा दांडा, दोन वर्षे कपाटावर पालथा पडलेला आजोबांचा फोटो, न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसाला धरायला आधार. या सगळ्या कामांचे घोडे एकाच ठिकाणी अडलेले असते. भिंतीत एक भोक हवे असते! ‘एकदा सुताराला बोलावू’ असे म्हणता म्हणता दिवाळी येते आणि जाते. एका भोकासाठी सुतार येत नाही, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. केडगावहून सावेडीला यायचे, यंत्र काढायचे, पाच मिनिटांचे काम करायचे आणि त्याचे पैसे सांगितले की घरधन्याचा चेहरा पाहायचा, यात त्याचा अर्धा दिवस मोडतो.

आपल्या जिल्ह्याचे आणि दाराभिंतींचे नाते तसे जगावेगळेच. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारेच लावत नाहीत, त्यामुळे कडी-कोयंड्यासाठी भोक पाडण्याचा प्रश्नच नाही. त्या गावात २०११ साली युको बँकेने शाखा काढली आणि ती बिनकुलपाची शाखा म्हणून देशभर गाजली. कुलपाच्या चावीवर सही घेतल्याशिवाय घरी न जाणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना त्या काळात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. पण शिंगणापूर सोडले, तर बाकी आपण सारे दारे, कड्या, कुलपे आणि फळ्या असलेल्या घरांत राहतो. आणि अलीकडे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकच विचार घोळतो आहे : घरात एक बिनवायरचे, बॅटरीवरचे ड्रिल का असू नये?

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने ड्रिलवर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण नोकरीची तीसेक वर्षे मी बँकेत काढली, आणि त्यातली बरीचशी यंत्रांच्या कर्जप्रकरणांची कोटेशने वाचण्यात गेली. पिठाची गिरणी, वेल्डिंगचा संच, सुताराची हत्यारे. कोटेशनवर छापलेले आणि प्रत्यक्ष उपयोगाचे यांत किती अंतर असते, ते त्या नोकरीने शिकवले. त्यामुळे ‘स्वस्तातले कोणते घेऊ?’ असे कोणी विचारले, की माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो.

सामत्यापासून बॅटरीपर्यंत

भोक पाडण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सुताराच्या पेटीत वाकस, करवत, पटाशी आणि रंधा यांच्या शेजारी सामता आणि गिरमिट असायचेच. सामता दोरी गुंडाळलेल्या धनुकलीने फिरवायचा, गिरमिट हाताने पिळत न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत सुतार आहे. नांगर, कुळव, मोट आणि घराचे दार ही सगळी कामे त्याच्या हातची होती, आणि त्या सगळ्यांना भोके लागत.

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात आर्नो आणि ब्रेन या दोघांनी घेतले. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फाइन यांनी ते हातात धरता येईल इतके आटोपशीर केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका हा आज परिचित असलेला आकार अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात आणला, आणि १९६१ साली त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारे बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले. हे यंत्र चंद्रावर जाण्यासाठी शोधले गेले असे पुष्कळ जण सांगतात, ते खरे नाही. बिनवायरचे ड्रिल आधी आले, चंद्र नंतर. मात्र १९७१ साली ‘अपोलो १५’च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरचे ड्रिल चंद्रावर खरोखरच चालवले, आणि गंमत म्हणजे ते तिथे अडकले! हवे तितके खोल भोक पडेना, आणि जमिनीत रुतलेली नळी उपसताना दोघांनाही जोर लावावा लागला. सावेडीच्या फ्लॅटमध्ये बिट अडकल्यावर खजील होणाऱ्या गृहस्थांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हाच्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या होत्या. जड आणि लवकर थकणाऱ्या. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने बाजारात आणली, तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि साधारण २००५ पासून ती मोठ्या कंपन्यांच्या हत्यारांत येऊ लागली. आज घरगुती ड्रिल हलके आणि आवाक्यात आले आहे ते तिच्यामुळे.

आधी भिंत ओळखा

दुकानात गेल्यावर विक्रेता ‘किती व्होल्टचे देऊ?’ असे विचारतो. त्याआधीचा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा असतो : आपली भिंत कशाची आहे?

नगरच्या जुन्या पेठांतले वाडे पाहा. जोत्यापर्यंत काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे किंवा भाजक्या विटांचे काम. तो काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट. घरगुती बॅटरीचे ड्रिल त्याच्यापुढे हात टेकते. उलट पांढऱ्या मातीच्या भिंतीत भोक लोण्यात सुरी जावी तसे पडते, पण गिट्टी धरत नाही. तिथे जुन्या लोकांसारखी लांब लाकडी खुंटी ठोकणेच शहाणपणाचे. भाजक्या विटेची भिंत हे घरगुती ड्रिलचे खरे माहेर. सहा-आठ मिलिमीटरचे भोक मिनिटाच्या आत पडते. नव्या इमारतींत हलके पांढरे ब्लॉक वापरतात. ते इतके ठिसूळ असतात, की तिथे ठोके देण्याची सोय बंद ठेवूनच भोक पाडावे आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी वापरावी. आणि काँक्रीटचे खांब व तुळया? एखादे लहान भोक पडेलही, पण आत सळई असते. घरच्या यंत्राने तिथे जोर करू नये.

ठोके देण्याच्या सोयीबद्दल बाजारात मोठा गोंधळ आहे. साध्या ड्रिलमध्ये बिट नुसते फिरते, ते लाकूड आणि पत्र्यासाठी पुरते. ‘इम्पॅक्ट’ किंवा ‘हॅमर’ ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि फिरता फिरता बिट मिनिटाला वीस-पंचवीस हजार बारीक ठोके देते. विटेला हेच लागते. तिसरे यंत्र रोटरी हॅमर. त्यात हवेच्या दाबाने दट्ट्या बिटवर आदळतो. काँक्रीट आणि दगड त्याचे काम. चौथे इम्पॅक्ट ड्रायव्हर. नावात इम्पॅक्ट असले तरी ते भिंतीसाठी नाही, स्क्रू पिळण्यासाठी आहे. नावाला भुलून हे घरी आणले, तर भिंत तशीच राहते. खोक्यावर छोट्या हातोडीचे चित्र आहे की नाही ते पाहावे आणि विक्रेत्याकडून विटेवर चालवून घ्यावे.

खोक्यावरचे आकडे

आता व्होल्ट. एका लिथियम सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट झाले. तीच बॅटरी पूर्ण भरल्यावर क्षणभर २१ व्होल्टपर्यंत दाखवते. म्हणून एकच बॅटरी कोणी १८, कोणी ‘२० मॅक्स’, कोणी २१ व्होल्ट म्हणून विकतो. तीन सेलची बॅटरी १०.८, आणि तीच १२ व्होल्टची. एकाच खात्याची शिल्लक वेगवेगळ्या तारखांना काढावी तसा हा प्रकार आहे. यात खोटे काही नाही, पण १८ पेक्षा २१ मोठे म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. मात्र अनोळखी नावाच्या यंत्रांवर ४८ आणि ८८ असेही आकडे रंगवलेले असतात. इतक्या लहान बॅटरीत इतके सेल मावणेच शक्य नसते. असा आकडा दिसला की पुढचे कोटेशन मागवावे.

दुसरा आकडा अँपियर-अवरचा, म्हणजे बॅटरीची टाकी किती मोठी त्याचा. व्होल्टला त्याने गुणले की वॉट-अवर मिळतात. १८ व्होल्ट आणि २ अँपियर-अवर म्हणजे ३६. १०.८ व्होल्ट आणि दीड म्हणजे सोळा. तुलना करायची ती या गुणाकाराची.

तिसरा टॉर्क, म्हणजे पिळाची ताकद. घरगुती १२ व्होल्टच्या यंत्रात ती तीस न्यूटन-मीटरच्या आसपास, १८ व्होल्टच्या यंत्रात चाळीस ते साठ. फळ्या, पडदे आणि बिजागऱ्या यांना तीसही पुरते. चौथा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा : दहा मिलिमीटरचा घरासाठी बास, तेराचा असला तर उत्तम, आणि चावीशिवाय हाताने आवळता येणारा असावा. चावी पहिल्या महिन्यात हरवते.

चकच्या मागे आकडे लिहिलेली एक कडी असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण घरगुती माणसाची खरी मैत्रीण तीच. लहान आकड्यावर ठेवली की स्क्रू बसल्याबरोबर यंत्र कटकट आवाज करून सुटते. लाकूड फाटत नाही, स्क्रूचे डोके झिजत नाही, मनगट मुरगळत नाही. भोक पाडताना ती ड्रिलच्या चित्रावर आणायची. दोन गतींचा खटकाही असावा : हळू गती स्क्रूसाठी, जलद गती भोकासाठी. ‘ब्रशलेस’ मोटर जास्त टिकते आणि कमी तापते हे खरे. पण रोज काम करणाऱ्यासाठी तिचे पैसे वसूल होतात, महिन्यातून दोन भोके पाडणाऱ्याला साधी मोटर चालते.

स्वस्त म्हणजे काय?

बाजारभाव रोज बदलतात, तरी साधारण चित्र असे. अनोळखी नावाची पेटी, त्यात पन्नास-शंभर सुटे भाग भरून, दोन-तीन हजारांत मिळते. नावाजलेल्या कंपनीचे १२ व्होल्टचे यंत्र चार ते सहा हजारांच्या आसपास, आणि १८ व्होल्टचे ठोके देणारे, दोन बॅटऱ्यांसह, सात ते दहा हजारांपर्यंत जाते. शेकडो भागांच्या पेटीला भुलू नये. त्यातली बिट्स बहुधा पहिल्या विटेतच बोथट होतात. त्यापेक्षा भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाची ६ आणि ८ मिलिमीटरची दोन चांगली बिट्स, लोखंडासाठी आणि लाकडासाठी दोन-दोन, एवढे वेगळे घ्यावे.

बँकेत यंत्राचे कर्ज देताना आम्ही किमतीइतकेच देखभालीकडे पाहत असू. इथेही तेच. या यंत्रातला खर्चाचा भाग बॅटरी आहे. वापरली नाही तरी ती हळूहळू म्हातारी होते, आणि नवी घ्यायची तर मूळ किमतीचा मोठा वाटा पुन्हा मोजावा लागतो. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. ही बॅटरी सुटी मिळते का आणि कितीला? दुरुस्तीचे केंद्र नगरमध्ये आहे की यंत्र पुण्याला पाठवावे लागेल? याच बॅटरीवर कंपनीची दुसरी हत्यारे चालतात का? ऑनलाइन घेताना आणखी एक पाहावे : किंमत फारच कमी दिसली तर ते नुसते ‘बेअर’ यंत्र तर नाही ना, ज्यात बॅटरी आणि चार्जर मिळतच नाहीत. आणि पक्के बिल घ्यावे. हमीपत्राला त्याशिवाय अर्थ नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांना वर्षातून चार भोके फक्त भिंतीत पाडायची आहेत, त्यांच्यासाठी वायरचे पाच-सहाशे वॉटचे इम्पॅक्ट ड्रिलच किफायतशीर. दोन-तीन हजारांत मिळते, ताकद जास्त, आणि बॅटरी म्हातारी होण्याची भीती नाही. बिनवायरच्या यंत्राचे मोल वेगळे आहे. गच्चीवर, फाटकाशी, मळ्यातल्या शेडमध्ये ते चालते. भारनियमनाची वर्षे आठवणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. आणि सर्वांत मोठी गोष्ट : घराची मुख्य कळ बंद करूनही ते काम करते. भिंतीत लपलेल्या तारेची भीती ज्यांना वाटते, आणि ती वाटायलाच हवी, त्यांना एवढे कारण पुरे. बटनांच्या पाटीच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत, तसेच नळाच्या वर भोक पाडूच नये. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घालून पाणी राखले. भोक कुठे पाडायचे नाही हे ठरवणे त्या गावाला फळले, ते घरातही फळते.

न्हाणीघरातला दांडा

इतका वेळ फळ्या आणि फोटोंचे बोललो. पण ज्या भोकावर माणसाचा जीव टांगलेला असतो, ते न्हाणीघरातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक. ओली फरशी, अंगाला साबण, आणि धरायला काही नाही. आमच्या पिढीतल्या घरोघरी हा प्रसंग येतो. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो आणि घराचे वेळापत्रक बदलते.

माझ्या आईचे वय आता अठ्ठ्याऐंशी. गेल्या वर्षी तिच्या न्हाणीघरात स्टीलचा दांडा बसवून घेतला. कारागीर आला, वीस मिनिटांत काम करून गेला, दिसायला झकास. संध्याकाळी मी दोन्ही हातांनी ओढून पाहिले, तर एक टोक टाइलच्या चुऱ्यासकट हातात आले. आई अजून आत गेली नव्हती, एवढेच आमचे नशीब. स्क्रू मोजला : पस्तीस मिलिमीटर. टाइल आठ, तिच्यामागचा माल आणि गिलावा पंचवीस. म्हणजे विटेत शिरला होता जेमतेम दोन मिलिमीटर! म्हातारीचा सगळा भार सिमेंटच्या पापुद्र्यावर.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या भाच्याने ते पुन्हा बसवले, जरा बाजूला नवी भोके पाडून. टाइलवर आधी कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइलसाठीच्या बिटने, ठोके बंद ठेवून, हळू गतीने टाइल पार केली. मग आठचे भिंतीचे बिट लावून ठोके सुरू केले आणि विटेत चांगले खोल गेलो. बिटवर खोलीची खूण म्हणून पट्टी गुंडाळली होती. भोकातली भुकटी झटकली, कारण ती आत राहिली तर गिट्टी धरत नाही. गिट्टी गिलाव्यात नव्हे, विटेत बसेल अशी आत सारली, आणि लांब, न गंजणारे स्क्रू आवळले. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके, हे दोघांनीही पाळले. शेवटी मी दांड्याला धरून हळूहळू सगळा भार टाकला. मी बहात्तर किलोचा आहे. दांडा हलला नाही, तेव्हाच आईला सांगितले. रबरी चकतीने टाइलला चिकटणारे दांडे मिळतात, त्यांच्यावर मात्र म्हाताऱ्या माणसाचा भार कधी सोपवू नये.

मग सुताराचे काय?

माझ्या ओळखीच्या एका सुताराला मी विचारले, घरोघरी ड्रिल आले तर तुमचे काय? तो हसला. म्हणाला, ‘साहेब, भोक कुणीबी पाडील. दार कोण बसवणार?’ त्याचे खरे आहे. फळी टांगणे आणि चौकटीत दार काटकोनात बसवणे यांत पिढ्यांचे अंतर आहे. उलट यंत्र त्याच्याही हातात आले पाहिजे. आमच्या नोकरीच्या काळात, १९९२ साली, ग्रामीण कारागिरांना सुधारित हत्यारांचे संच देण्याची केंद्राची योजना आली होती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत सुतारासह अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज ठेवले आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कारागिराला हे माहीत नसेल, तर चहा देताना जरूर सांगा.

आणि प्रत्येक घराने स्वतःचे यंत्र घेतलेच पाहिजे असेही नाही. वर्षातून तासभर चालणारी वस्तू बारा घरांनी बारा कपाटांत ठेवणे म्हणजे भांडवल बिनव्याजी पडून ठेवणे. इमारतीतल्या दहा-बारा घरांनी वर्गणी काढून एक चांगले १८ व्होल्टचे यंत्र घ्यावे, एका वहीत नेल्या-आणल्याची नोंद करावी, आणि बिट मोडेल त्याने नवे आणून द्यावे. सहकाराच्या या जिल्ह्यात, जिथे प्रवरानगरला शेतकऱ्यांनी मिळून साखर कारखाना उभा केला, तिथे एक ड्रिल मिळून घेणे काही अवघड नाही.

घेतल्यावर मात्र ते विसरू नये. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी ठेवून महिनोन् महिने पडू दिली तर मरते. मे महिन्यात नगरचे ऊन चाळिशी ओलांडते, तेव्हा ती गाडीच्या डिकीत ठेवू नये, आणि तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. निकामी झाली तर कचऱ्यात टाकू नये, विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बाकी आठवण राहावी म्हणून आपले सणच कामाला येतात. संक्रांत, पाडवा, नागपंचमी आणि खंडेनवमी, साधारण तीन-तीन महिन्यांनी, बॅटरी काढून थोडी भरून ठेवावी. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तिलाही हळदकुंकू लागेल. नागपंचमीला मात्र फक्त भरावी. त्या दिवशी खणू नये, चिरू नये असे आजी सांगत असे, आणि भोक पाडू नये असेही तिने नक्कीच सांगितले असते.